डॉक्टर झार यांचे 235 कॅमेरे

मिशेल झार हे फ्रान्समधले डॉक्टर. पेशंट तपासणारे, औषधं लिहून देणारे डॉक्टर. संगणक हा काही त्यांचा पेशा नव्हता. तरी 2007 च्या सुमाराला त्यांचं नाव बातम्यांत आलं ते वेबकॅममुळे. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर न चालणारे स्वस्तातले कॅमेरे त्यांनी बहुतांशी एकट्याच्या बळावर चालते केले होते, आणि तोवर त्यांच्या यादीत 235 कॅमेऱ्यांची नोंद झाली होती. कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांनी त्या कॅमेऱ्यांसाठी लिनक्सचा ड्रायव्हर दिलेला नव्हता. जे कंपन्यांनी करायचं, ते या गृहस्थांनी केलं आणि फुकट वाटलं.

मी त्यांचा ऋणी आहे, कारण त्या काळात रत्नागिरीत मारुती मंदिर भागात माझा सायबर कॅफे होता. पण त्यांच्यापाशीच गोष्ट थांबवली तर ती अर्धी राहील. ते कॅमेरे चालायला लागले, तरी डॉक्टरांचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये घेतला गेला नव्हता. तो आत जाण्यासाठी दुसऱ्या माणसाला सगळं नव्यानं लिहावं लागलं. चालणारी गोष्ट पुन्हा कशाला लिहायची, असं तेव्हा आम्हा वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत असे. मला मात्र आज त्या पुन्हा लिहिण्याचंच मोल सर्वांत जास्त वाटतं.

आधी कॅफेविषयी थोडं. चोरीचं विंडोज चालवायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. सगळ्या मशीनवर लायसन्स घेणं परवडणारं नव्हतं. उबुंटू या लिनक्सच्या संचाच्या सीडी तेव्हा मागितल्या की पोस्टानं घरपोच फुकट येत. त्या घातल्या आणि काम सुरू झालं. मेल, टायपिंग, प्रिंट, रेल्वेचं आरक्षण, सगळं व्यवस्थित. अडायचं ते वेबकॅमपाशी. कॅफेत येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आईबाप असायचे. कुणाचा मुलगा आखातात, कुणाचा बोटीवर, बंदराला लागली की बोलणारा. त्यांना ईमेलशी कर्तव्य नव्हतं. त्यांना मुलाचा चेहरा बघायचा होता आणि आपला दाखवायचा होता.

वेबकॅम मी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणायचो. खोका तोच, खोक्यावरचं चित्र तेच, किंमत तीच. पण मागच्या खेपेचा कॅमेरा चाललेला असला तरी या खेपेचा चालेलच याची खात्री नसे. कारण वेबकॅमचं खरं कूळ खोक्यावरच्या नावात नसतं. ते आतल्या चिपमध्ये असतं. सोनिक्स, झेडस्टार, सनप्लस, पिक्सआर्ट अशा मोजक्या तैवानी आणि चिनी कंपन्यांच्या चिप शेकडो नावांच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या असत. यूएसबीचं उपकरण संगणकाला जोडलं की ते आधी दोन आकडे सांगतं, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. मी कॅमेरा जोडून आधी ते आकडे बघायचो, मग डॉक्टरांच्या यादीत शोधायचो. दुकानदारालाही सांगून ठेवलं होतं की सीलबंद खोका मी घेणार नाही, लॅपटॉपला लावून बघीन आणि मगच पैसे देईन. तो कुरकुरायचा, पण ऐकायचा.

आता ड्रायव्हर आणि कर्नल म्हणजे काय ते सांगतो. संगणकातली स्मृती, डिस्क, कीबोर्ड, पडदा हे सारं सांभाळणारा जो सर्वांत आतला प्रोग्राम, तो कर्नल. लिनक्सचा कर्नल 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केला, आणि तेव्हापासून हजारो लोक तो लिहीत आले आहेत. कुठल्याही एका उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा कर्नलचा भाग म्हणजे ड्रायव्हर. छापील माहितीपुस्तक असलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर लिहिणं हे मेहनतीचं, पण सरळ काम आहे. स्वस्त वेबकॅमची माहितीपुस्तकं मात्र बाहेर मिळत नसत. त्यातून या कॅमेऱ्यांना गुप्त भाषेत बोलणं भागही होतं, आणि त्याचं कारण साध्या हिशोबात आहे.

640 बाय 480 ठिपक्यांचं एक चित्र न दाबता पाठवायचं तर साधारण साडेचार लाख बाइट लागतात. सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे जवळपास 1 कोटी 38 लाख बाइट. त्या वेळच्या यूएसबी 1.1 च्या तारेतून कॅमेऱ्याला एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त 1023 बाइट पाठवता येत, म्हणजे सेकंदाला सुमारे 10 लाख. चौदापट माल एवढ्याशा वाटेनं न्यायचा तर तो कॅमेऱ्यातच दाबून बसवायला हवा. मग प्रत्येक चिपवाल्यानं दाबण्याची आपापली रीत काढली. कुणी ठिपक्यांमधला फरक तेवढा पाठवी, कुणी जेपेग चित्र पाठवी, पण त्याच्या सुरुवातीचा ओळख सांगणारा भाग गाळून. तो भाग नसला तर चित्र उलगडायच्या कोष्टकांचाच पत्ता लागत नाही. ही रीत विंडोजच्या ड्रायव्हरला ठाऊक असे, बाकी कुणाला नाही.

मग ती शोधायची कशी? कॅमेरा विंडोजवर चालवायचा आणि ड्रायव्हर त्याच्याशी काय बोलतो, ते मधल्या मध्ये टिपून घ्यायचं. अमुक खान्यात अमुक आकडा टाक, तमुक खान्यातला आकडा सांग, असा हजारो ओळींचा संवाद हाती येतो. मग खोलीतला दिवा विझवून पुन्हा टिपायचं आणि कुठला आकडा हलला ते बघायचं. तो बहुधा उजेडाचा. या खटाटोपाच्या खुणा आजही लिनक्सच्या कर्नलमध्ये कुणालाही वाचता येतात. झेडस्टारच्या चिपसाठी जी फाइल आहे, तिच्यात एकेका सेन्सरसाठी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागासाठी, अशा आकड्यांच्या लांबच लांब याद्या आहेत आणि कित्येक ओळींच्या शेवटी मूळ टिपणातले चार आकडे टीप म्हणून तसेच ठेवलेले आहेत. पुढे कुणाला शंका आली तर त्याला ताडून बघता यावं. पेशंट तपासून घरी आलेला माणूस रात्री बसून हे करत होता, हे मी त्या ओळी वाचताना विसरू शकत नाही.

मग इतकं करूनही हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर का राहिला?

आधी बाहेर राहण्याचा त्रास काय तो सांगतो. कर्नलच्या आतल्या भागांचे एकमेकांशी असलेले व्यवहार कायमचे ठरलेले नसतात. ते सुधारत राहायचे, जुन्याला चिकटून बसायचं नाही, असं लिनक्सचं जाहीर धोरणच आहे. सोसायटीनं पाण्याची मुख्य लाइन बदलली तर सोसायटीतल्या सगळ्या घरांचे नळ प्लंबरच जोडून देतो. कुंपणाबाहेरून स्वतःची नळी ओढलेल्या माणसाला मात्र आपलं आपण बघावं लागतं. कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरचं तसंच. दर दोनतीन महिन्यांनी नवा कर्नल आला की जुना ड्रायव्हर त्यात बसेनासा होई. डॉक्टर तो दुरुस्त करत, आम्ही तो उतरवून पुन्हा कंपाइल करत असू, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवत असू. काही लिनक्स वितरकही डॉक्टरांचा ड्रायव्हर आपल्या संचात घालून देत, पण ती प्रत जुनी असे आणि नव्या खेपेचे कॅमेरे तिला ओळखू येत नसत. सुरक्षेसाठी कर्नल बदलावा तर कॅमेरे बंद, कॅमेरे चालू ठेवावेत तर कर्नल जुना. सायबर कॅफे चालवणाऱ्याला यातलं काहीच परवडत नाही.

आत घ्यायला अडचणी होत्या त्या अशा. डॉक्टरांचा ड्रायव्हर लिनक्सच्या व्हिडिओच्या जुन्या पद्धतीवर, म्हणजे व्हिडिओ फॉर लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीवर बेतलेला होता. दुसरी आवृत्ती केव्हाच आली होती आणि पहिली मोडीत काढायचं ठरलं होतं. पण त्याहून मोठी अडचण तत्त्वाची होती. हा ड्रायव्हर कॅमेऱ्याकडून आलेली दाबलेली चित्रं कर्नलमध्येच उलगडत असे. जेपेग तिथेच उघडायचं, रंगांचं रूपांतर तिथेच करायचं, आणि वरच्या प्रोग्रामला तयार चित्र द्यायचं. वापरणाऱ्याला ते सोयीचं होतं. पण कर्नलमध्ये एखादी चूक झाली तर एक प्रोग्राम बंद पडून भागत नाही, सबंध मशीन बसतं. चित्र उलगडणं हे हिशोबाचं काम आहे आणि ते कर्नलच्या बाहेर होऊ शकतं. जे बाहेर होऊ शकतं ते आत करायचं नाही, हा तिथला दंडक.

हा दंडक किती कडक आहे याचा अनुभव फिलिप्सच्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत आधी येऊन गेला होता. त्यांचा ड्रायव्हर नेमोसॉफ्ट या टोपणनावानं काम करणाऱ्या एका प्रोग्रामरनं लिहिला होता आणि तो कर्नलमध्ये होताही. पण चित्र उलगडण्याची रीत त्याला कंपनीकडून गुप्ततेच्या करारावर मिळालेली, त्यामुळे तो भाग बंद स्वरूपात वेगळा दिला जाई आणि कर्नलमधल्या ड्रायव्हरला तो जोडायची एक खुंटी ठेवलेली होती. ऑगस्ट 2004 मध्ये यूएसबी विभाग सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती खुंटी काढून टाकली. केवळ बंद प्रोग्रामच्या सोयीसाठी असलेली जागा मुक्त कर्नलमध्ये राहू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. लेखक दुखावला आणि माझा सगळाच ड्रायव्हर काढून टाका म्हणाला. तो खरोखरच काढला गेला. फिलिप्सचे कॅमेरे घेऊन बसलेल्या लोकांचे हाल झाले. पुढे ल्युक सायार यांनी ती उलगडण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढली, मुक्त परवान्याखाली दिली, आणि ड्रायव्हर पुन्हा आत आला.

नेमोसॉफ्टबद्दल मला आजही वाईट वाटतं. त्यानं लोकांसाठीच काम केलं होतं आणि दिलेला शब्द पाळला होता. तरीही क्रोआ-हार्टमन यांचं बरोबर होतं असं मी म्हणतो. बंद भाग ज्याच्या हातात, कॅमेरा त्याच्या मर्जीवर चालतो. तो माणूस कंटाळला, आजारी पडला, रागावला, की सगळ्यांचे कॅमेरे बंद. आणि झालंही तसंच.

डॉक्टरांच्या कामाच्या नशिबी ते नव्हतं, कारण त्यांचं सगळं काम मुक्त परवान्याखाली होतं आणि उचलून पुढे नेता येत होतं. ते नेलं जाँ-फ्रांस्वा म्वान या त्यांच्याच देशबांधवानं. त्यांनी ड्रायव्हरची मांडणी मुळापासून बदलली. सगळ्या कॅमेऱ्यांना लागणारं समान काम, म्हणजे यूएसबीवरून चित्राचे तुकडे गोळा करणं, ते जुळवणं, प्रोग्रामच्या हवाली करणं, हे एका मुख्य भागात. आणि प्रत्येक चिपच्या खोडींसाठी एकेक छोटा उपड्रायव्हर. पद्धत नवी, दुसऱ्या आवृत्तीची. उलगडण्याचं काम पूर्ण काढून टाकलेलं. कॅमेरा जे देईल ते तसंच वर जाईल. डॉक्टरांनी शोधलेल्या आकड्यांच्या याद्या मात्र तशाच राहिल्या.

कर्नलमध्ये काही घालायचं तर त्याचा पॅच, म्हणजे नेमका बदल दाखवणारा मजकूर, पाठवावा लागतो, आणि तो वाचणारे लोक ओळ न् ओळ वाचतात. ओळीची सुरुवात आठ जागांचा टॅब सोडून करायची, हे सुद्धा ठरलेलं आहे. अशा बारीकसारीक नियमांचा नवख्यांना राग येतो. पण जो मजकूर पुढची वीस वर्षं अनोळखी माणसं दुरुस्त करणार, तो सगळ्यांना एकसारखा वाचता यायलाच हवा. पॅचखाली सही करावी लागते, की हे काम माझं आहे किंवा मला देण्याचा हक्क आहे आणि ते मी कर्नलच्या मुक्त परवान्याखाली देतो आहे. ही सहीची पद्धत 2004 पासूनची. एससीओ या कंपनीनं, आमचा मजकूर लिनक्समध्ये चोरून घातला आहे, असा दावा लावला होता, त्यानंतर प्रत्येक ओळ कुठून आली याची नोंद ठेवायचं ठरलं. शिवाय वेळापत्रक. नवा कर्नल निघाला की पुढचे दोन आठवडे नव्या गोष्टी घेतात. दार बंद झालं की सहासात आठवडे फक्त दुरुस्त्या. तेवढ्यात तुमचं काम पसंत पडलं नाही तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा.

व्हिडिओ विभागाची जबाबदारी तेव्हा ब्राझीलच्या मौरो कार्वाल्हो शेहाब यांच्याकडे होती. त्यांच्या हातून म्वान यांचा ड्रायव्हर पुढे गेला आणि 9 ऑक्टोबर 2008 ला निघालेल्या 2.6.27 या कर्नलमध्ये तो आला. त्याच वर्षी जुलैत, 2.6.26 मध्ये, लोराँ पँशार या बेल्जियन प्रोग्रामरचा दुसरा वेबकॅम ड्रायव्हर आत गेला होता. तो एका नव्या जागतिक मानकावर बेतलेला. मानक पाळणारा कुठलाही कॅमेरा त्यानं चालावा अशी अपेक्षा, आणि आज आपण दुकानातून आणून सरळ जोडतो ते बहुतेक यूएसबी कॅमेरे याच ड्रायव्हरवर चालतात. मानक असूनही सगळे कॅमेरे ते नीट पाळत नाहीतच. म्हणून पँशार यांच्या ड्रायव्हरमध्येही एक तक्ता आहे, कुठला कॅमेरा कुठे चुकतो आणि त्याला कसं सांभाळून घ्यायचं त्याचा. वीस वर्षं होत आली, तो अजून वाढतोच आहे.

2008 च्या ऑक्टोबरअखेरच्या उबुंटूत हा नवा कर्नल आला. तो मी कॅफेत चढवला आणि डॉक्टरांच्या यादीतले माझे कॅमेरे काहीही कंपाइल न करता ओळखले गेले. पण स्काइपमध्ये चित्र येईना. साहजिकच होतं. कर्नलनं उलगडण्याचं काम सोडून दिलं होतं आणि स्काइपला ते करता येत नव्हतं. मधली ही फट हान्स द खुडे या डच प्रोग्रामरनं भरली. त्यांनी लिबव्हीफोरएल नावाची लायब्ररी लिहिली. ती प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामध्ये बसते, दाबलेलं चित्र तिथे उलगडते आणि प्रोग्रामला हवं तसं करून देते. जुन्या प्रोग्रामना तर ती कर्नल जुन्याच पद्धतीनं बोलतोय असं भासवते. स्काइप सुरू करताना ही लायब्ररी आधी जोड, असं सांगणारी एक ओळ लिहावी लागे. ती मी प्रत्येक मशीनवर स्काइपच्या चिन्हामागे घालून टाकली. गिऱ्हाइकाला काही कळायची गरज उरली नाही.

याच लायब्ररीत आणखी एक तक्ता आहे आणि तो मला फार आवडतो. काही लॅपटॉपच्या कारखान्यांत कॅमेरा उलटा बसवला जाई. विंडोजचा ड्रायव्हर चित्र गुपचूप सुलट करी, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नसे. लिनक्सवर माणसं डोकं खाली, पाय वर अशी दिसत. मग ज्या ज्या मॉडेलमध्ये कॅमेरा उलटा आहे त्यांची यादी करून, लॅपटॉपचं नाव बघून चित्र फिरवायची सोय द खुडे यांनी केली. ही यादी लोकांनी एकेक करून कळवलेल्या नावांनी भरली आहे. आपला लॅपटॉप उलटं दाखवतो हे कुणीतरी उठून सांगितलं, म्हणून तेच मॉडेल घेतलेल्या इतरांना ते कधी दिसलंच नाही.

2011 मध्ये व्हिडिओची जुनी पद्धत कर्नलमधून पूर्ण काढली गेली. डॉक्टरांचा ड्रायव्हर तसाच बाहेर राहिला असता तर त्या दिवशी संपला असता. पण उपड्रायव्हर आत होते, त्यामुळे त्यांना धक्का लागला नाही. 2012 मध्ये उजेड, रंग वगैरे नियंत्रणांची रीत बदलली, तेव्हा ज्यांनी ती बदलली त्यांनीच हे उपड्रायव्हरही नव्या रीतीला जोडून दिले. त्यातल्या कित्येक कॅमेऱ्यांचं उत्पादन तेव्हा बंद झालेलं होतं. झेडस्टारच्या फाइलच्या डोक्यावर आजही म्वान यांच्या नावाखाली मिशेल झार हे नाव आणि 2004 ते 2006 ही सालं आहेत.

कॅफे मी पुढे बंद केला. मोबाइल आल्यावर त्याची गरजच राहिली नाही. पण लोकांचे संगणक लिनक्सवर लावून देण्याचं काम अजून करतो, आणि अलीकडे जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा समोर आला आहे. काही नव्या पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतो. सेन्सरचा कच्चा माल थेट प्रोसेसरकडे जातो, आणि रंग, उजेड, स्पष्टपणा हे सगळं तिथे ठरतं. इंटेलच्या अशा रचनेचा पहिला भाग सांभाळणारा ड्रायव्हर 2024 च्या जुलैत, 6.10 या कर्नलमध्ये आला. त्यावरचं चित्र घडवण्याचं काम लिबकॅमेरा या प्रकल्पात चालू आहे. 2018 मध्ये तो सुरू करणाऱ्यांत पँशारच आहेत, आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यांसाठी खपणाऱ्यांत द खुडेही. एकेका लॅपटॉपमध्ये सेन्सर वेगळा, तो चिपच्या कुठल्या पायावर जोडला आहे ते वेगळं, आणि ते ज्याच्या हातात तो लॅपटॉप आहे त्यालाच तपासता येतं.

म्हणून इंजिनिअरिंगची मुलं माझ्याकडे कॅमेरा चालत नसलेला लॅपटॉप घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी विचारतो की इंटरनेटवरून उचललेला तात्पुरता उपाय हवा आहे, की थोडा वेळ काढणार? वेळ काढणाऱ्याला मी सेन्सरचं नाव कसं शोधायचं, कर्नलमधल्या तक्त्यात आपल्या मॉडेलची ओळ कुठे बसेल आणि पॅचखाली सही कशी करायची, ते शेजारी बसून दाखवतो. एका ओळीचा पॅच असला तरी तो नाकारला जाऊ शकतो, टॅब चुकला म्हणून परत येऊ शकतो; परत आला की दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. मी त्यांना सांगतो, मशीन घेऊन या, इंग्रजीची भीती बाळगू नका, मजकूर आपण दोघं मिळून लिहू.